बिनउंबऱ्याचं रक्त

आमच्या गल्लीत नवीन राहायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न पडतो. समोरच्या ओट्यावर भर दुपारी मच्छरदाणी लावून, तिच्या आत खुर्ची टाकून बसलेला हा माणूस कोण? पंधरा वर्षांपूर्वी बदली होऊन मी तासगावच्या शाळेत आले तेव्हा मलाही पडला होता. सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि पलीकडे पांढऱ्या जाळीच्या आत पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ पेपर वाचत होते. घरातून एक बाई आल्या, त्यांनी जाळीची कड उचलून चहाची कपबशी आत सरकवली आणि कड पुन्हा नीट खाली खोचली. मला वाटलं, काहीतरी संसर्गाचं दुखणं असणार. मी पदर नाकाला लावला.

"बाई, रगात कंचं तुमचं?" जाळीतून आवाज आला.

नाव नाही, गाव नाही, एकदम रक्त. मी गोंधळून "ए पॉझिटिव्ह" म्हणाले.

"लय हायती तसली," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. माझं नाव त्यांनी आठ दिवसांनी विचारलं, तेही टपाल चुकून त्यांच्याकडे गेलं म्हणून.

हे भूपालअण्णा. गावाबाहेर त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. बेदाणा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं व्यापारी म्हणतात, पण खुद्द अण्णांना त्या विषयावर बोलायला कधी वेळ नसतो. त्यांचा सगळा जीव रक्तात. गल्लीतल्या एकूण एक माणसाचा रक्तगट त्यांना तोंडपाठ. मागच्या गल्लीतल्या सुनेला ते नावानं ओळखत नाहीत, 'ती बी निगेटिव्ह' म्हणून ओळखतात. बारशाला गेले तर पाळण्यात वाकून बाळाकडे बघत विचारतात, "तपासलं का?" आणि बाळाच्या हातावर दोन बेदाणे ठेवतात. त्याला दात नसतात याकडे त्यांचं लक्ष नसतं.

मच्छरदाणीचा उलगडा मला त्यांच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी केला. अण्णा जैन. डास मारणं शक्यच नाही. आणि डास चावून मलेरिया झाला, डेंगू झाला, तर काही महिने रक्त देता येत नाही. मग उपाय एकच. मारायचंही नाही आणि चावूनही घ्यायचं नाही.

"तुमी हसताय बाई," वहिनी म्हणाल्या, "मी ह्या जाळीसंगं पंधरा वर्सं संसार केलाय. पाव्हणं आलं की त्यांच्यासंगं बोलणं जाळीतनं. तुरुंगात भेटाया आल्यागत वाटतंय त्यास्नी."

एकदा सूत्र सापडल्यावर अण्णांच्या सगळ्या चक्रमपणाचा हिशेब लागला. कुत्रं चावलं की इंजेक्शनं, आणि मग वर्षभर रक्त देणं बंद. म्हणून अण्णांच्या खिशात कायम बिस्किटं. अख्ख्या तासगावची कुत्री त्यांच्यामागून शेपट्या हलवत चालायची आणि अण्णा घाबऱ्या चेहऱ्यानं एकेकाला "खा गड्या, खा" म्हणत बिस्किट टाकायचे. लोकांना वाटे, काय भूतदया! दाढ काढली की सहा महिने बंद. म्हणून खालची किडलेली दाढ त्यांनी लवंगेच्या जोरावर वर्षानुवर्षं सांभाळली. दुखायला लागली की गालाला फडकं बांधून जाळीत बसत. वस्तऱ्यानं कापलं तर काही जडायचं, म्हणून न्हाव्याकडे जाताना स्वतःचं नवं पातं. बागेत छाटणीच्या वेळी हातमोजे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. ते स्वतःच्या देहाकडे दुसऱ्याच्या ठेवीसारखं बघायचे.

"एवढं काय आहे हो तुमच्या रक्तात?" मी एकदा चिडून विचारलं. त्या दिवशी माझ्या घरच्या पूजेला त्यांनी प्रसाद घेण्याआधी भटजींना त्यांचा गट विचारला होता.

अण्णांनी जाळीची कड उचलली. हा मोठाच मान होता. मी आत स्टुलावर बसले आणि त्यांनी कड पुन्हा खोचली.

"बाई, घराला उंबरा असतोय न्हवं? तसा रगताच्या कणाला उंबरा असतोय. त्या उंबऱ्यावर कुणी एका तऱ्हेची रांगोळी काढली की झालं ए. दुसऱ्या तऱ्हेची काढली की बी. दोन्ही काढल्या की एबी. रांगोळीच न्हाई, नुसताच उंबरा, तर ओ. कळलं?"

"कळलं."

"आमच्याकडं उंबराच न्हाई."

मी स्टूल पुढे ओढलं.

"वरवर तपासलं तर ओच दिसतंय. रांगोळी न्हाई म्हंजे ओ, असं म्हणायचं आन फुडं जायचं. पर आमच्या रगताला उंबरा म्हंजे काय ते ठावंच न्हाई. त्यामुळं ओ आत सोडलं तरी उंबरा बघून ते पिसाळतंय. माणूस हातचा जातोय. आमास्नी आमच्यातल्याचंच लागतंय. दुसरं कुणाचं चालत न्हाई."

या रक्ताला बॉम्बे ग्रुप म्हणतात, कारण ते पहिल्यांदा तिकडे सापडलं. या नावाचा अण्णांना मनस्वी राग. "मी चारदा मुंबईला गेलो. एकानं पाणी इचारलं न्हाई. आन रगात माझं, नाव तिचं! पाटलाची म्हस बाजारात सापडली म्हणून ती बाजाराची हुती व्हय?" ते स्वतः त्याला 'आमचं रगात' एवढंच म्हणत. डॉक्टर त्यांना सांगत की गोऱ्या लोकांत हे अगदीच विरळा, त्या मानानं आपल्याकडे जास्त, आणि नात्यात लग्नं करणाऱ्या घरांत सापडण्याचा संभव अधिक. अण्णांच्या वडिलांनी मामाची मुलगी केली होती, आजोबांनीही. "चार घरांतच फिरून फिरून उंबरा झिजला बघा," अण्णा म्हणत. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं रक्त साधं निघालं. आपला मुलगा नापास झाल्यासारख्या आवाजात अण्णा ते सांगतात.

मग अण्णांनी लग्नं गाठायला सुरुवात केली. स्वतःचा वारस शोधायला. आपल्यामागं फोन कुणाला करायचा, हा त्यांना घोर. भावकीतलं, भावकीच्या भावकीतलं एकही लग्न ते चुकवत नसत. जेवणाच्या पंगतीत शेजारच्याला आधी विचारायचे, "तुमची आई कुणाच्यातली? वडलांची कोण लागती?" आणि दोघं नात्यातले निघाले की त्यांचे डोळे चमकायचे. लोकांना वाटायचं, स्थळं जुळवणारा माणूस आहे. कित्येकांनी त्यांच्या हातात मुलीचे फोटो ठेवले. अण्णा फोटो उलटा करून मागे गट लिहिलाय का ते बघायचे.

सांगलीजवळच्या एका लग्नात तर कहर झाला. मीही गेले होते. नवरा मुलगा बोहल्याकडे निघालेला, आणि अण्णांनी त्याच्या मामाला गाठून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पोराचं रगात नीट तपासलंय न्हवं?" मामानं ते मामीला सांगितलं, मामीनं आणखी कुणाला. दहा मिनिटांत मुलीच्या आईपर्यंत बातमी पोचली की मुलाच्या रक्तात खोट आहे. वाजंत्री थांबली. मुलीचे चार काका अण्णांभोवती गोळा झाले आणि अण्णा त्यांना उंबरा आणि रांगोळी समजावून सांगू लागले. शेवटी मी पुढे होऊन, वर्षानुवर्षं मुलांना शिकवून कमावलेला सगळा आवाज लावून सांगितलं की नवरदेव ठणठणीत आहे आणि हे गृहस्थ रक्तदानाचा प्रचार करतात. अक्षता पडल्या. परतीच्या एसटीत अण्णा हिरमुसले होते.

"तुम्ही त्यांचे पाहुणे, आणि भर मांडवात असलं विचारता?" मी म्हणाले.

"मग कवा इचारू बाई? दवाखान्यात?"



रक्तपेढ्यांचे फोन मात्र यायचे. कधी सांगलीहून, कधी कराडहून, कधी साताऱ्याहून. खुंटीला एक पिशवी कायम भरलेली. तिच्यात टॉवेल, गाळलेल्या पाण्याची बाटली, बेदाण्याचा डबा. सूर्य मावळल्यावर अण्णा जेवत नाहीत, म्हणून रक्त दिल्यावर खायची सोय स्वतःची. एकदा साताऱ्याला निघाले आणि एसटी उंब्रजला बंद पडली. अण्णा हायवेवर उभे राहून येईल त्या गाडीला हात करत होते आणि "माझ्यात अर्जंट रगात हाय" असं ओरडत होते. कोण थांबणार? अखेर कोंबड्यांचा टेम्पो थांबला. कोंबड्या कुठे चालल्यात हे ओळखूनही अण्णा चढले. त्याबद्दल आल्यावर दोन दिवस उपास केला. कुणाला रक्त दिलं ते मात्र कधी विचारलं नाही. तिथल्या लोकांनी नाव सांगू नये असा नियम आहेच, पण अण्णांना नकोच असायचं. "जगलं का?" एवढंच ते दुसऱ्या दिवशी फोन करून विचारत.

दर दिवाळीला सांगलीतल्या एका घरी दोन किलो पहिल्या प्रतीचा बेदाणा जायचा. अण्णा स्वतः नेऊन द्यायचे आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता परत यायचे. कुणाचं घर ते, मी एका दाढदुखीच्या दिवशी विचारलं. दुखण्यानं माणूस हळवा होतो. गालाला फडकं बांधलेल्या अवस्थेतच त्यांनी सांगितलं.

अण्णांची एक थोरली बहीण होती. अक्का. तीन वर्षांनी मोठी, सांगलीकडे दिलेली. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि रक्त थांबेना. अण्णांचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास. गावात रक्तदानाची शिबिरं तेच भरवायचे. त्यांच्याच आवाजात सांगते.

"तपासणीवाल्यानं बघितलं. ओ. म्हटलं, ओ तर ओ, त्यात काय. गावात कुणाचं ओ हाय मला पाठ. जीप काढली, आठ-धा जणं आणली. त्यानं समद्यांचं अक्काच्या रगतासंगं मिसळून बघितलं. म्हणला, जुळत न्हाई. दुसरी जीप आणली. जुळत न्हाई. मी त्याची कॉलर धरली, बाई. म्हटलं, कपाटात ओच्या पिशव्या भरल्याती, लाव की एक. त्यो म्हणला, लावली तर माझ्या हातानं मारल्यागत हुईल. मारा मला पायजे तर, पर न्हाई लावणार."

अण्णांनी फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मग म्हणला, तुमी सख्खं भाऊ न्हवं? तुमचं द्या की बघाया. मी खिशातनं लायसन काढलं. म्हटलं, हे बघा, ओ पॉझिटिव्ह लिवलंय. ओ चालत न्हाई म्हणताय, आन माझं ओ घिऊन काय करताय? येळ घालवू नका. आन तिसऱ्या खेपंला जीप काढली."

लायसनवरचा तो गट त्यांनीच एजंटाला सांगितला होता. कधीकाळी शिबिरात बोट टोचून कुणीतरी ओ म्हणालं होतं.

तिसरी खेप घेऊन ते आले तेव्हा अक्का गेली होती. नमुना मुंबईला गेला, तिथून उत्तर आलं आणि पंधरा दिवसांनी तोच तपासणीवाला घर शोधत गावात आला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा म्हणाला. एकाचंच जुळलं. त्या दिवशी तिच्या उपयोगाची एकच बाटली होती, आणि ती जीप चालवत होती. एका बाटलीनं अक्का वाचली असती का, ते कुणीच सांगू शकत नाही. मी अण्णांना तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली आणि लवंगेचा डबा मागितला.

बेदाणा जायचा तो त्या कॉलर धरलेल्या माणसाच्या घरी.

यंदा मार्चमध्ये अण्णा माझ्याकडे आले. स्वतः उठून, जाळीबाहेर, म्हणजे प्रकरण मोठं.

"बाई, तुमच्या खात्यातलं काम हाय. माझं वय खोटं हाय."

पासष्ट झाली की रक्त घेत नाहीत. अण्णांच्या कागदावर जन्मतारीख एक जून. आमच्या भागात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायच्या आणि गुरुजी पोराला बघून अंदाजानं तारीख टाकायचे. अण्णांचं म्हणणं, त्यांचं वय एका वर्षानं जास्त लागलंय. ते दुरुस्त झालं तर अजून एक वर्ष मिळेल. एक वर्ष म्हणजे चार वेळा. तेवढ्यात कुणी वारस सापडेल.

"रक्तपेढीच्या यादीत या रक्ताचं दुसरं कुणी नाहीच का?"

"हायती की तिघं. एक दुबईला हाय, एकाला साखर हाय. आन तिसरीचं बाळ अंगावर पितंय."

आम्ही त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी निघाली. तिनं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. आता दुरुस्ती अवघड आहे, म्हणाली, वरपर्यंत अर्ज करावा लागेल, आणि ही नोंद खोटी आहे असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. पण नोंद बघू तरी. पान सापडलं. भूपाल, वय सहा, एक जून. आणि शेवटच्या रकान्यात, 'मुलास आणणाराची सही', तिथं कुणा मोठ्या माणसाचा अंगठा नव्हता. मोठ्या, वाकड्या अक्षरांत, रकान्याबाहेर गेलेलं एक नाव होतं. पद्मावती.

"अक्का," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई-वडील दिवसभर रानात. भूपालला सांभाळायला म्हणून अक्काची शाळा बंद केलेली. आठ वर्षांच्या त्या पोरीनं एक दिवस पाच वर्षांच्या भावाचं बोट धरलं, शाळेत नेलं आणि गुरुजींना ठणकावून सांगितलं, ह्याला सहा पुरी झालीत. भाऊ शाळेत बसला की तीही बसू शकत होती. ती दर भाऊबीजेला हे सांगायची आणि हसायची.

अण्णांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मुख्याध्यापिकेनं माझ्याकडे पाहिलं.

"अर्ज लिहू या ना अण्णा?" मी म्हणाले.

"काय लिवायचं बाई? अक्का खोटं बोलली, असं?"

"तसंच लिहावं लागेल."

"न्हाई मग." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तिनं सांगितलं तेवढंच वय माझं."

येताना एसटीत मी त्यांच्याशी वाद घातला. म्हणाले, जुन्या कागदाचं काय घेऊन बसलात, उद्या कुणाचा जीव अडला तर? ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही ते कळत होतं, आणि मला तोंड आवरता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

मेमध्ये एक फोन आला. अण्णा कराडला जाऊन आले. तीच शेवटची वेळ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुमनवहिनी माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले. "बाई, ह्यांनी दाढ काढून घेतली. आन मच्छरदाणी काढून घडी घालून माळ्यावर टाकली. तुमी सांगा जरा, परत लावा म्हणावं. माझं ऐकत न्हाईत."

तीस वर्षं त्या जाळीला नावं ठेवणारी बाई ती.

मी गेले. ओटा मोकळा मोकळा दिसत होता. खुर्चीत अण्णा बसले होते, जाळीशिवाय पहिल्यांदाच नीट दिसत होते, आणि म्हातारे दिसत होते. पायाशी दोन कुत्री. उजव्या हातावर एक डास बसला होता आणि अण्णा त्याच्याकडे बघत होते. तो फुगला, जड झाला, आणि उडाला.

"तीस वर्सं उपाशी ठिवलं त्यास्नी," अण्णा म्हणाले. "आता कुणाचं तरी पोट भरू दे."

मी पायरीवर बसले. आत खुंटीला ती पिशवी अजून भरलेली दिसत होती. टॉवेल, बाटली, डबा. तिच्याकडे माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं. फोन त्यांच्या मांडीवर होता.

"बाई, फोन वाजला तर काय सांगायचं वो?"

  मी वहिनींना चहा ठेवायला सांगितलं आणि अण्णांच्या शेजारी बसून राहिले. दोन डास आले. मीही हाकलले नाहीत.